काच फुटली

शाळेत व्याकरणाच्या तासाला सर फळ्यावर दोन वाक्ये लिहीत. ‘काच फुटली’ आणि ‘रामाने काच फोडली’. पहिल्या वाक्यात कर्ता कोण, असे त्यांनी विचारले की आम्ही सारे एका सुरात ओरडत असू, “काच!” म्हणजे फुटण्याची क्रिया काचेनेच केली. कर्तरी प्रयोग. दुसऱ्या वाक्यात कर्ता राम; पण क्रियापद मात्र रामाचे ऐकत नाही, ते काचेमागून जाते. रामाने फोडली, सीतेने फोडली, मुलांनी फोडली, मी फोडली. कोणीही फोडो, ‘फोडली’ ती ‘फोडली’च! हा कर्मणी प्रयोग. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले, मोरो केशव दामले यांचे १९११ साली. तेव्हापासून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी प्रयोग घोकले असतील. मीही घोकले आणि त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवले. या व्याकरणाचा आयुष्यात कधी उपयोग होईल असे मात्र वाटले नव्हते. तो झाला, आणि असा झाला की आज हे लिहितानाही मान खाली जाते.

आम्ही बदलापूरला राहतो. चार मजली जुनी इमारत, तिच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या. माझे बाबा गाडी चालवतात. गाडी म्हणजे जुनी मारुती, दुसऱ्याकडून घेतलेली. पिवळी पाटी आणि तिच्यावर काळे आकडे. म्हणजे भाड्याची गाडी. तिच्या काचा अजून हाताने फिरवून वरखाली कराव्या लागतात. गाडी घेतली तेव्हा जुन्या मालकाने एकच किल्ली दिली. दुसरी त्याच्याकडून कधीच हरवली होती. या एका किल्लीवर आमचे घर चालते असे म्हटले तरी चालेल.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाबा विमानतळाचे भाडे करून पहाटे तीनला घरी आले होते. झोपताना मला एवढेच म्हणाले, “आठला कर्जतचं भाडं आहे. गाडी पुसून ठेव. आणि गाणी लावून बसू नको, बॅटरी उतरते.” मी सहाला उठलो, बादली घेतली, गाडी पुसली आणि गाणी लावून बसलो. मग आईची हाक आली म्हणून घाईघाईने उतरलो. सवयीने आतली खटकी दाबली, बाहेरचे हँडल धरून दार लोटले, आणि त्याच क्षणी ध्यानात आले की किल्ली आत राहिली आहे. चारी दारे बंद. रेडिओ आत गातोच आहे. बंद गाडीत गाणे चालले आहे आणि बाहेर आपण हात चोळत उभे आहोत, ही स्थिती ज्याने अनुभवली असेल त्यालाच कळेल!

बाबांना उठवायला हवे होते. पण ‘गाणी लावू नको’ हे शब्द अजून कानात होते. मी गुपचूप दप्तरातून स्टीलची फूटपट्टी आणली. दहावीच्या वर्षी बाबांनीच ती घेऊन दिली होती आणि मी तिच्यावर कर्कटकाच्या टोकाने माझे नाव कोरले होते. रस्त्यावरचे मेकॅनिक काच आणि रबर यांच्या फटीतून पट्टी घालून कुलूप उघडतात हे मी पाहिले होते. त्यांना जमते ते मला का जमू नये? पट्टी घातली, हलवली, आणखी खाली दाबली. आणि ती हातातून सुटून दाराच्या पोटात गेली. आता मात्र घाम फुटला. घरातून स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि काचेच्या वरच्या कडेशी, कोपऱ्यात, टोक घालून जोर लावला.

आधी ‘फट्’ असा आवाज झाला, आणि मग पोत्यातून खडेमीठ सांडावे तसा. समोर काच नव्हतीच. क्षणापूर्वी होती, आणि आता सीटवर, जमिनीवर, माझ्या चपलांत नुसते हिरवट पांढरे दाणे होते. मी हात घालून दार उघडले, रेडिओ बंद केला, किल्ली काढली आणि स्क्रू-ड्रायव्हर जागच्या जागी नेऊन ठेवला. एवढी सारी कामे मी किती शांतपणे केली याचे आजही आश्चर्य वाटते. मग बाबांना उठवले आणि म्हणालो,

“बाबा, काच फुटली.”

कर्तरी प्रयोग!

“कशी?”

“काय माहीत. मी बाहेर गेलो तेव्हा फुटलेलीच होती.”

बाबा बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्यांची नजर वर, पहिल्या मजल्याकडे गेली. तिथे बारक्या राहतो. सहावीतला मुलगा, सगळी इमारत त्याला बारक्याच म्हणते. तो आणि त्याची आई, दोघेच. आदल्या संध्याकाळी तो आवारात क्रिकेट खेळत होता आणि बाबांनी त्याला दोनदा दटावले होते, “अरे, गाडी आहे इथं!” मी बारक्याचे नाव घेतले नाही. हे मी पुढचे दोन दिवस स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो. मी कुणाचेच नाव घेतले नाही. मी फक्त गप्प राहिलो.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. काकू अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगचे काम करतात. सकाळी सातची त्यांची निघायची घाई. त्यांनी जिन्यातच बारक्याला धरले. “आईशपथ, मी नाही फोडली!” असे तो ओरडत होता आणि त्याच्या पाठीत धपाटे बसत होते. त्याचा चेंडू त्यांनी आवाराबाहेरच्या नाल्यात भिरकावला. बाबा धावत गेले, “अहो ताई, पोराला मारू नका, काच काय येईल दुसरी!” तेव्हा कोणीतरी म्हणाले, रात्री कुत्री भांडत होती, एखाद्याने दगड मारला असेल, कोणी म्हणाले, तुमच्याच मुलाकडून तर नाही ना झाले? त्यावर माझी आई जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली, “माझा पोरगा कॉलेजात जातो. तो कशाला खोटं बोलेल?”

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या दिवशी मला कळले की माझ्या शब्दाला इमारतीत वजन आले आहे. ते वजन कष्टाने आणले आई-बाबांनी, आणि ते पडले बारक्याच्या पाठीवर.

बाबा तशाच उघड्या काचेने कर्जतला जाऊन आले. त्या रात्री काकूंनी आईच्या हातात पाचशेची नोट ठेवली. आई नको नको म्हणत होती. काकू म्हणाल्या, “तुमचं पण पोटावरच चालतं. पगार झाला की अजून देईन.” नोट देवघरातल्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डबीखाली राहिली. मी जेवायला बसलो की ती नेमकी समोर दिसे.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी बाबांबरोबर उल्हासनगरला निघालो. मी जाणे टाळू शकलो असतो. पण दाराच्या पोटात काय पडले आहे हे मला एकट्यालाच माहीत होते, आणि ते बाहेर निघेल तेव्हा मी तिथे असावे असे वाटत होते. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच. खिडकीला बाबांनी चिकटपट्टीने प्लास्टिकचा कागद लावला होता. बदलापूरहून अंबरनाथ येईपर्यंत तो असा काही फडफडत होता की दोघांना बोलताच येत नव्हते. मला ते बरेच वाटले.

काचेसाठी उल्हासनगरच का, असा प्रश्न आमच्या भागात कोणी विचारत नाही. पंख्याचे पाते, कुकरची शिटी, शिवणयंत्राची सुई, काहीही मोडले की पावले तिकडेच वळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे सैन्याची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या रिकाम्या बराकींत ठेवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. नाव बदलले, तरी लोक अजून ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतात. घरदार सोडून आलेल्या त्या माणसांनी मिळेल त्या वस्तूची दुसरी वस्तू करून दाखवली. इथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहितात आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा असतो, हा विनोद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हसतो, आणि खरेदीलाही तिथेच जातो.

कॅम्प नंबर चारमधल्या एका अरुंद गल्लीत बाबांच्या ओळखीचे दुकान होते. दुकान कसले, काचांचे ग्रंथालयच! भिंतीला लाकडी खण केलेले आणि त्यांत पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या काचा: डाव्या दाराच्या, उजव्या दाराच्या, मागच्या, पुढच्या, प्रत्येकीवर खडूने गाडीचे नाव लिहिलेले. सत्तरीचे एक सिंधी गृहस्थ स्टुलावर बसले होते. बाबा त्यांना शेठ म्हणत होते, पण शेठजींच्या अंगावर ग्रीसचे डाग होते आणि हातात पान्हे होते.

“नई चाहिए के पुरानी?” त्यांनी विचारले.

नवी काच महाग पडत होती. भंगारात निघालेल्या गाडीची जुनी काच निम्म्याहून कमी किमतीत होती. बाबांनी जुनी मागितली. शेठजींनी खणातून एक काच ओढून काढली. तिच्या खालच्या कोपऱ्यात कंपनीचा बारीक शिक्का होता आणि मध्यभागी एका लहान मुलाने चिकटवलेले, अर्धे खरवडलेले फुलपाखराचे चित्र. “ये नहीं निकलता,” शेठजी म्हणाले, “किसी बच्चे का है. रहने दो.”

मी विचारले, “दुसरी एखादी मोठी काच कापून नाही का बसवता येणार?”

ते हसले. हातातली काच बोटाने वाजवून म्हणाले, “बेटा, ये कटता नहीं. हात लगाया कापने को, तो पूरा खलास.”

नंतर मी याविषयी वाचले. मोटारीच्या दाराची काच आपल्या घराच्या खिडकीसारखी नसते. आधी साध्या काचेला हवा तो आकार देतात, मग ती सहाशे अंशांहून अधिक तापवतात आणि लगेच थंड हवेच्या झोतांनी निववतात. वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, आतला भाग मागाहून आकसतो. त्यामुळे वरून दाब आणि आतून ताण, अशी कायमची ओढाताण त्या काचेत कोंडलेली राहते. या ओढाताणीनेच ती बळकट होते. मध्यावर बुक्की मारली तरी सहसा फुटत नाही. पण कडेला, कोपऱ्यात, टणक टोकाने एक इजा झाली की कोंडलेले सारे एकदम सुटते आणि सबंध काचेचे दाणे होतात. म्हणून ती नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि फुटली तर जोडता येत नाही. समोरची काच मात्र निराळी. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, ती तडकते पण जागा सोडत नाही. एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच माणसाच्या हातून १९०३ साली प्रयोगशाळेत एक चंबू पडला. आत वाळलेल्या द्रावणाचा थर होता म्हणून तो तडकूनही विखुरला नाही. त्यावरून त्याला ही युक्ती सुचली आणि १९०९ साली त्याने तिचे पेटंट घेतले.

मग दारांना तसली न विखुरणारी काच का लावत नाहीत? याचे उत्तर बाबांनी एका वाक्यात दिले, “अडकलेल्या माणसाला बाहेर पडता यावं म्हणून.” २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत पाण्यात अडकलेल्या मोटारींची दारे उघडेनात, काचा खाली होईनात, आणि काही माणसे आतच गुदमरून गेली. आमच्या बदलापुरातही तेव्हा उल्हास नदीचे पाणी घरांत शिरले होते. बाबांच्या सीटखाली एक लहान हातोडी असते ती यासाठी. “मध्ये नाही मारायचं, कोपऱ्यात मारायचं,” असे ते मला फार पूर्वी शिकवून ठेवले होते. म्हणजे ही काच वेळ आल्यावर फुटण्यासाठीच केलेली, आणि फुटताना कुणाला कापू नये म्हणून दाण्यादाण्याने फुटणारी. मी मात्र ते ज्ञान भलत्याच कामी लावले होते.

शेठजींनी दाराचे काम सुरू केले. काच फिरवायच्या हँडलमागे फडके घालून इकडेतिकडे ओढले, तशी आतली बारीक कडी टुणकन उडाली. हँडल निघाले. मग हाताची टेकण, मग दाराचा पुठ्ठा. त्याच्या प्लास्टिकच्या खुंट्या एकेक करून टक्‌ टक्‌ सुटत होत्या. पुठ्ठ्यामागे डिंकासारख्या काळ्या लेपाने चिकटवलेला मेणकागद होता, तो त्यांनी कातडे सोलावे तसा अलगद सोलला. दाराचे पोट उघडे पडले. आत काच वरखाली करणारे यंत्र, कुलपाच्या सळ्या, आणि तळाशी काचेच्या दाण्यांचा ढीग.

“टूटा कैसे?” ब्रशने दाणे गोळा करता करता त्यांनी विचारले.

बाबा म्हणाले, “बच्चे का बॉल लगा.”

“कौनसा बॉल? सीझन?”

“नहीं, वो रबरवाला.”

शेठजींचा ब्रश थांबला. “रबर के बॉल से ये काच हिलता भी नहीं, भाई.”

बाबा काही बोलले नाहीत. मी समोरच्या भिंतीवरच्या धूळ बसलेल्या फिल्मच्या गुंडाळ्या पाहू लागलो. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के आणि समोरच्या-मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा मोटारींचा नियम आहे, आणि काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. बाहेरच्याला आतले दिसले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. मी मनात असल्या गोष्टी आठवत होतो आणि कान मात्र दाराच्या पोटाकडे होते.

“दाराच्या खाली पाणी जायला भोकं असतात,” बाबा मला म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “त्यात दाणे अडकले तर पावसाचं पाणी साचतं, मग पत्रा आतून गंजतो. बाहेरून कळत नाही. म्हणून सगळे काढायचे. हात घालून बघ काय राहिलंय का.”

मला हात घालावा लागला. शेठजींनी बाजूने बॅटरी धरली. बोटांना दाणे लागले आणि त्यांच्याखाली पट्टीची थंड कड. मी ती तिथेच सोडून हात बाहेर काढला. “नाही काही,” म्हणालो. शेठजींनी आपला हात घातला आणि पट्टी बाहेर काढली. फडक्याने पुसली, उजेडात धरली, वाचता येईना म्हणून बाबांच्या हातात दिली.

माझे बाबा चौथीपर्यंत शिकले आहेत. माझे नाव त्यांना वाचता येते.

त्यांनी ती वाचली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. पट्टी खिशातून वर डोकावत होती. “काच बसवा, शेठ,” ते म्हणाले. मग शेठजींनी काच तिरपी करून वरच्या फटीतून आत सोडली, रबराच्या नाळीत दोन्ही कडा बसवल्या, खाली यंत्राला जोडून बोल्ट आवळले. बाबा हँडल फिरवीत होते आणि मी तळव्याने काचेला आधार देत होतो. काच वर जाई, खाली येई. आम्हा दोघांच्या मध्ये तेवढीच एक काच होती, आणि तिच्यातून मला बाबांकडे बघवत नव्हते.

परत येताना कॅम्प पाचच्या बाजूने आम्ही अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी आलो. बाबांनी गाडी थांबवली. चहा घेतला आणि आम्ही वालधुनीच्या काठाशी बसलो. मंदिर शिलाहार काळातले, शके ९८२ चे, म्हणजे १०६० सालचे. भिंतीवरच्या किती तरी मूर्तींचे हात गेले आहेत, नाके झिजली आहेत. त्यांना दुसरे हात कोणी बसवलेले नाहीत. मी ओरडा बसण्याची वाट पाहत होतो. बाबांनी आपला अंगठा माझ्यापुढे धरला. त्यावर एक जुना पांढरा व्रण आहे. तो मी जन्मापासून पाहत आलो, पण कशाचा हे कधी विचारले नव्हते.

“मुरबाडला गावच्या घरी कंदील होता,” ते म्हणाले. “प्रभाकर कंदील. तुझी आजी रोज संध्याकाळी त्याची काच राखेनं पुसायची. मी सात-आठ वर्षांचा असेन. खेळताना माझ्या हातून काच पडली. उचलायला गेलो तर अंगठा फाटला. आजीला सांगितलं, मांजरानं पाडली, मी उचलत होतो.”

“मग?”

“मग काय. आजीनं मांजराला दोन दिवस दूध घातलं नाही. ते दाराशी बसून ओरडायचं. मी आत जेवायचो.” चहाचा पेला त्यांनी खाली ठेवला. “अंगठा भरला. ते ओरडणं अजून ऐकू येतं कधी कधी.”

त्यांनी खिशातून पट्टी काढून मला दिली. मग दुसऱ्या खिशातून घडी घातलेली पाचशेची नोट काढली. सकाळीच त्यांनी ती देवघरातून उचलली असावी. काचेच्या पैशांत मात्र मोडली नव्हती. “ही तुझ्या हातानं दे,” एवढेच म्हणाले, आणि उठून गाडीकडे गेले.

प्रभाकर कंदील करणाऱ्या ओगल्यांचा काच कारखाना कराडजवळ १९१६ साली निघाला. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. घरातला एक दिवा झाकणारी काच आपल्या माणसांना करता यावी म्हणून कुणी कुणी किती खटपट केली! आणि ती काच फुटली म्हणजे घरात किती अंधार होत असेल! काकूंची ती पाचशेची नोट हातात धरून बसलो असताना मला प्रथमच असे वाटले की वस्तूची किंमत दुकानात ठरत नाही. ती कोणाच्या कशातून गेली यावर ठरते.

संध्याकाळी काकू कामावरून आल्या तेव्हा मी जिना चढून वर गेलो. बारक्या दाराशी अभ्यास करीत बसला होता. मला पाहून त्याने वही जवळ ओढली. मी वाक्य पाठ करून गेलो होतो, तरी तोंडातून पहिल्यांदा ‘काकू, ती काच फुटली ना...’ असेच निघाले. मग थांबलो आणि म्हणालो,

“काकू, काच मी फोडली. बारक्याने नाही. मी खोटं बोललो.”

काकूंनी नोट घेतली नाही. कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “पैसे आले रे परत. मी त्याला मारलं, ते कसं परत घेऊ?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. बारक्याने मात्र वहीतून डोके वर काढून विचारले, “मग माझा बॉल?”

दुसऱ्या दिवशी मी त्याला नवा चेंडू आणून दिला. त्याने तो घेतला, पण माझ्याशी बोलला नाही. महिनाभर बोलला नाही. आईही दोन दिवस माझ्याशी अबोल होती. मग तिने स्वतः काकूंकडे जाऊन काय सांगितले ते मला ठाऊक नाही. पण त्यानंतर इमारतीत कुणापुढे तिने ‘माझा पोरगा कॉलेजात जातो’ हे वाक्य उच्चारलेले मी ऐकलेले नाही.

गाडी पूर्वीसारखी चालते. सीटच्या शिवणीत अजून अधूनमधून एखादा काचेचा दाणा सापडतो. मी रोज सकाळी गाडी पुसतो. परवा मी आतून काच पुसत होतो तेव्हा बारक्या येऊन दुसऱ्या बाजूला उभा राहिला. दार उघडून आत बसला, हँडल धरून काच वरखाली केली आणि त्या अर्ध्या फुलपाखरावर बोट ठेवून म्हणाला,

“हे कुणी चिकटवलं?”

“माहीत नाही. काच जुनी आहे. आधी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत होती.”

तो माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला.

“खरंच माहीत नाही?”

“खरंच माहीत नाही,” मी म्हणालो.

त्याने विश्वास ठेवला की नाही, ते मला कळले नाही.

— एस. वाय. बी. ए.